नित्य परिसरातील वास्तू आणि छायाचित्रण : मुंबई शहराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांमध्ये लिखित साधनांच्या बरोबरीने भौतिक साधनांना महत्त्वाचे स्थान आहे. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात लेणी, मंदिरे, किल्ले व राजवाडे यांचा परिचय साधन म्हणून करून दिला जातो. अजिंठा, वेरूळ किंवा रायगड येथे शैक्षणिक सहली जातात, विद्यार्थी छायाचित्रे काढतात आणि अहवाल सादर करतात. मात्र ज्या रस्त्याने विद्यार्थी दररोज महाविद्यालयात येतो, त्या रस्त्यावरील चाळ, मंडई, रेल्वे स्थानक, चित्रपटगृह किंवा जुने घर यांकडे साधन म्हणून पाहण्याची सवय क्वचितच लावली जाते.

नित्य दृष्टीस पडणारी वस्तू लक्षात येत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. परंतु वास्तूंच्या बाबतीत हे केवळ सवयीचे फलित नाही. कोणती वास्तू पाहण्यायोग्य आणि कोणती दुर्लक्षणीय, हा निर्णय कालौघात घडत आलेला आहे आणि तो घडविण्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून छायाचित्रणाचा मोठा वाटा राहिला आहे. एखाद्या वास्तूचे छायाचित्र कोणी, कोणत्या हेतूने आणि केव्हा काढले, यावर त्या वास्तूचे इतिहासातील स्थान बऱ्याच अंशी अवलंबून असते. मुंबई हे या प्रक्रियेचे एक ठळक उदाहरण होय. छायाचित्रण भारतात आल्यानंतर अल्पावधीतच या शहरात त्याची संस्था स्थापन झाली आणि त्याच कालखंडात शहराचे बाह्यरूपही आमूलाग्र बदलले.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मुंबईतील वास्तूंच्या छायाचित्रणामागील हेतू कालक्रमाने कसे बदलत गेले, हे पाहणे.
२) स्मारकस्वरूप वास्तू आणि सामान्य निवासी वास्तू यांच्या नोंदीत असलेल्या तफावतीची कारणे शोधणे.
३) महाविद्यालयीन स्तरावर नित्य परिसरातील वास्तूंची नोंद घेण्याची आवश्यकता व पद्धती यांचा विचार करणे.

व्याप्ती व पद्धती

प्रस्तुत निबंधाची व्याप्ती मुंबई बेटावरील जुन्या शहरापुरती मर्यादित असून कालखंड १८५४ पासून २०२५ पर्यंतचा आहे. प्रकाशित साधनांच्या आधारे वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. छायाचित्रणाचे आगमन आणि 'स्मारका'ची निवड

१८३९ मध्ये पॅरिस येथे छायाचित्रणाची प्रक्रिया जाहीर झाली. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे या संस्थेची स्थापना झाली. कलकत्ता व मद्रास येथील अशा संस्था १८५६ मध्ये स्थापन झाल्या. मुंबईच्या संस्थेत इंग्रज अधिकारी व व्यापारी यांच्याबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सभासदही होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि हे नवे तंत्र शिक्षणसंस्थेच्या आवारात आले. मुंबईतील छायाचित्रणाच्या आरंभी एका महाविद्यालयीन संस्थेचा संबंध होता, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच सुमारास मुंबई सरकारने वास्तूंच्या छायाचित्रणाचे काम हाती घेतले. १८५५ मध्ये कॅप्टन थॉमस बिग्ज यांची या कामावर नेमणूक झाली. त्यांनी विजापूर, ऐहोळे, बदामी येथील वास्तूंची छायाचित्रे घेतली. त्यांना लष्करी सेवेत परत बोलावल्यानंतर हे काम डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे आले. पुढे जेम्स फर्ग्युसन यांनी भारतीय वास्तुकलेचा इतिहास लिहिताना छायाचित्रांचा विपुल उपयोग केला. त्यांचा भारतीय व पौर्वात्य वास्तुकलेवरील ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७० च्या दशकात पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाचे काम जेम्स बर्जेस यांच्याकडे सोपविण्यात आले, तेव्हा छायाचित्र हे सर्वेक्षणाचे मान्य साधन झालेले होते.

या सर्व प्रयत्नांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नमूद करावी लागते. सरकारी छायाचित्रकार मुंबईतून निघून शेकडो मैल दूर गेले. ज्या शहरात ते राहत होते त्या शहरातील घरे व पेठा हा त्यांच्या कामाचा विषय नव्हता. प्राचीन, भग्न आणि लोकवस्तीपासून दूर असलेली वास्तू 'स्मारक' ठरली, तर माणसे राहत असलेली वास्तू अभ्यासविषय ठरली नाही. इतिहासाच्या अभ्यासक्रमात आजही दिसणारी निवड येथे रूढ झाली, असे म्हणता येते.

२. पार्श्वभूमी म्हणून वास्तू

शहरातील वास्तू छायाचित्रात मुळीच आल्या नाहीत, असे नाही. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात भारतीय हौशी छायाचित्रकारांचा अल्बम मासिक स्वरूपात प्रसिद्ध केला. पुढे जॉन्सन यांनी मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींची छायाचित्रे असलेला द्विखंडात्मक ग्रंथ १८६३ व १८६६ मध्ये प्रकाशित केला. या ग्रंथातील अनेक चित्रे एकाच वेळी घेतलेली नाहीत. व्यक्तींची छायाचित्रे स्वतंत्रपणे घेऊन ती शहरातील व परिसरातील दृश्यांवर जोडण्यात आली. परिणामी त्यातील वास्तू या व्यक्तिसमूहांच्या मागील पडद्याचे काम करतात. ही माणसे त्या वास्तूंत राहत होती किंवा वावरत होती, असा निष्कर्ष या चित्रांवरून काढणे धोक्याचे ठरते. छायाचित्र जसेच्या तसे सत्य सांगते या समजुतीला मुंबईतील आरंभीच्या महत्त्वाच्या प्रकाशनातच असा छेद मिळतो.

तांत्रिक मर्यादांचाही येथे विचार करावा लागेल. ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच काळोख्या जागेत त्यावर प्रक्रिया करावी लागे. प्रकाशासमोर काच बराच वेळ उघडी ठेवावी लागत असल्यामुळे चालणारी माणसे धूसर होत किंवा उमटतच नसत. त्यामुळे त्या काळातील अनेक चित्रांतील रस्ते ओस पडल्यासारखे दिसतात. हा निर्जनपणा शहराचा नव्हता, तंत्राचा होता.

याउलट त्याच काळातील एका मराठी ग्रंथात शहर माणसांसह अवतरते. गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचें वर्णन' हे पुस्तक १८६३ मध्ये, म्हणजे जॉन्सन यांचा पहिला खंड निघाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. रस्ते, बाजार, देवळे, तलाव, धर्मशाळा आणि लोकवस्ती यांची तपशीलवार माहिती त्यात आहे. नित्य परिसराकडे लक्षपूर्वक पाहण्याची दृष्टी मराठी लेखनात त्या वेळी होती, हे यावरून स्पष्ट होते. कॅमेरा मात्र वेगळ्या हेतूंच्या हाती होता.

३. पाहण्यासाठी बांधलेले शहर

गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत (१८६२-१८६७) मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडण्यात आला. मोकळ्या झालेल्या जागेवर व तिच्या आसपास पुढील पंचवीस-तीस वर्षांत सार्वजनिक इमारतींची रांग उभी राहिली. विल्यम इमर्सन यांनी आराखडा केलेली क्रॉफर्ड मार्केट ही मंडई (आजची महात्मा जोतिबा फुले मंडई) १८६९ मध्ये पूर्ण झाली. सचिवालय १८७४ मध्ये, तर उच्च न्यायालय व विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाले. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम १८७८ ते १८८८ या काळात चालले आणि महानगरपालिकेची इमारत १८९३ मध्ये तयार झाली.

या इमारती दुरून पाहिल्या जाव्यात अशा योजनेनेच बांधलेल्या होत्या. समोर मैदान किंवा रुंद रस्ता, मध्यभागी घुमट अथवा मनोरा, दोन्ही बाजूंस सारखी पसरलेली कमानींची ओळ अशी त्यांची रचना आहे. त्यामुळे छायाचित्रकाराला उभे राहण्याची जागा आयतीच मिळाली. व्यावसायिक छायाचित्रकारांचे अल्बम आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोकप्रिय झालेली चित्रकार्डे यांतून याच इमारती पुनःपुन्हा दिसतात. मुंबईचे एक ठरावीक चित्र या पुनरावृत्तीतून तयार झाले.

परंतु दुरून घेतलेल्या चित्रात जे येत नाही, ते या इमारतींत विपुल आहे. मंडईच्या प्रवेशद्वारावरील शिल्पपट सर जे. जे. कलाशाळेतील अध्यापक जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या योजनेतील आहेत. रेल्वे स्थानकावरील पाने, फुले, पशुपक्षी यांचे कोरीवकाम जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. प्रवेशद्वारापाशी असलेले सिंह व वाघ हे ब्रिटन व भारत यांचे प्रतीक मानले जातात. राजाबाई मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या व्यक्तींच्या मूर्ती बसविलेल्या आहेत. लोकांचे जातवार नमुने मांडण्याची जी दृष्टी जॉन्सन यांच्या ग्रंथात दिसते, तीच पुढे दगडात उतरलेली येथे आढळते. या मनोऱ्याखालून जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे जण मान वर करून या मूर्तींकडे पाहतात. वसाहतकालीन समाजदृष्टी शिकविण्यासाठी इतके जवळचे साधन अन्यत्र मिळणे कठीण आहे.

४. पुरावा म्हणून वास्तू : प्लेगचा काळ

सामान्य माणसांची घरे मोठ्या प्रमाणावर कॅमेऱ्यासमोर आली ती संकटाच्या प्रसंगी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली. घराघरांची झडती, भिंतींना चुना लावणे, बंबाच्या पाण्याने घरे धुऊन काढणे, उजेड आत यावा म्हणून छपरांवरील कौले उतरविणे असे उपाय योजण्यात आले. या मोहिमेची छायाचित्रे घेऊन त्यांचे अल्बम तयार करण्यात आले.

मुंबईतील दाट वस्तीच्या भागांतील लाकडी गॅलऱ्या, अरुंद गल्ल्या आणि घरांची दर्शनी बाजू यांचे तपशील या चित्रांत मिळतात. इतिहासाच्या दृष्टीने ती मोलाची आहेत. परंतु ती घेणाऱ्यांचा हेतू घराची रचना टिपण्याचा नव्हता. शासनाने केलेल्या कामाची नोंद ठेवण्याचा होता. घर हे रोगाचे स्थान म्हणून त्यांत आलेले आहे. मनुष्यवस्तीस अयोग्य ठरविलेल्या घरांवर तशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगविण्यात येत. घराची पहिली दृश्य नोंद आणि त्याच्यावरील प्रतिकूल निर्णय या दोन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच वेळी अस्तित्वात आल्या.

प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढणे, कामगारांसाठी चाळी बांधणे आणि उत्तरेकडे दादर-माटुंगा भागात नव्या वसाहती वसविणे ही कामे ट्रस्टने केली. ब्रिटनमधील ग्लासगो शहरात अशाच स्वरूपाचा ट्रस्ट १८६६ च्या कायद्याने स्थापन झाला होता. त्या ट्रस्टच्या सांगण्यावरून थॉमस ॲनन यांनी १८६८ ते १८७१ या काळात तेथील पाडल्या जाणाऱ्या गल्ल्यांची छायाचित्रे घेतली होती. गरिबांच्या वस्तीचे छायाचित्र ती पाडण्याच्या निमित्ताने घेतले जाते, ही बाब केवळ मुंबईपुरती नव्हती, हे यावरून दिसून येते.

५. एकच साहित्य, दोन दृष्टी

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत मुंबईत सिमेंट काँक्रीटच्या बांधकामाचा प्रसार झाला. या काळातील दोन प्रकारच्या इमारतींची तुलना येथे उद्बोधक ठरेल.

पहिला प्रकार बी.डी.डी. चाळींचा. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या काळात १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला व त्यावर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट आणि प्रत्येक मजल्यावर सामायिक शौचालये अशी त्यांची सर्वसाधारण रचना होती. एका चाळीत ८० खोल्या धरल्यास ही संख्या सुमारे १६,५०० होते, म्हणजे उद्दिष्टाच्या एकतृतीयांश.

दुसरा प्रकार आर्ट डेको शैलीतील इमारतींचा. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस व मरीन ड्राइव्हवर समुद्रात भर घालून मिळविलेल्या जमिनीवर १९३० च्या दशकात निवासी इमारती बांधण्यात आल्या. रिगल चित्रपटगृह १९३३ मध्ये व इरॉस १९३८ मध्ये सुरू झाले. गोलाकार कोपरे, खिडक्यांवरील सलग छज्जे, बोटीच्या कठड्यासारखे गज, सूर्यकिरणांची किंवा लाटांची नक्षी ही त्यांची ओळखीची लक्षणे होत. या शैलीचा प्रसार पुढे दादर, माटुंगा येथील मध्यमवर्गीय घरांपर्यंत झाला. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने १९३७ मध्ये टाऊन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरविले होते. नव्या घराचे रूप लोकांनी पाहावे व स्वीकारावे, यासाठी वास्तुविशारद स्वतः प्रयत्नशील होते, असे यावरून म्हणता येते.

दोन्ही प्रकार एकाच शहरातील, जवळपास एकाच पिढीतील आणि एकाच बांधकाम-साहित्यातील आहेत. परंतु पहिल्याकडे एक हिशेब म्हणून पाहिले गेले आणि दुसऱ्याकडे एक शैली म्हणून. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट डेको मुंबई ट्रस्टने अशा इमारतींची छायाचित्रांसह पद्धतशीर नोंद सुरू केली आणि नावांच्या पाट्या, जिने, कठडे यांसारखे बारकावे लोकांच्या लक्षात आणून दिले. हे कार्य निःसंशय स्तुत्य आहे. चाळींच्या वाट्याला मात्र इतक्या बारकाईची नोंद अभावानेच आली.

६. वारसा यादी व तिच्या मर्यादा

मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. नागरी वारशाच्या संरक्षणासाठी भारतातील एखाद्या शहराने केलेली ही पहिली नियमावली मानली जाते. सहाशेहून अधिक वास्तू व परिसर यांची तीन श्रेणींत विभागणी करण्यात आली. राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू पहिल्या श्रेणीत, प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाच्या वास्तू दुसऱ्या श्रेणीत आणि शहराच्या दृश्यरूपाच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तू तिसऱ्या श्रेणीत आल्या. याच वर्षी शारदा द्विवेदी व राहुल मेहरोत्रा यांचा मुंबईच्या नागरी इतिहासावरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. छत्रपती शिवाजी टर्मिनसचा २००४ मध्ये, तर ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको समूहातील ९४ इमारतींचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

या यादीतील तिसरी श्रेणी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एकेकटी वास्तू असामान्य नसली, तरी अनेक वास्तू मिळून परिसराला रूप देतात, हे तत्त्व तीत मान्य झाले. तथापि 'दृश्यरूप' हा निकष प्रामुख्याने रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला लागू होतो. ज्या वास्तूचे महत्त्व तिच्या आतील वापरात आहे, तिला या निकषाने न्याय मिळत नाही.

७. चाळ : वापरातून घडलेली वास्तू

चाळीची रचना वरकरणी साधी असते. ओळीने खोल्या, त्यांच्यासमोर लांब गॅलरी, एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला मोरी व शौचालये, आणि अनेक ठिकाणी मध्ये अंगण. परंतु या रचनेतूनच शहराचे सामाजिक जीवन घडले. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. अंगण व त्याकडे तोंड करून असलेल्या गॅलऱ्या यांमुळे तेथे आपोआपच सभागृह तयार होते. परळ येथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. पुढे ते दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' येथे राहावयास गेले. ही वसाहतही ट्रस्टच्याच योजनेतून निर्माण झाली होती. परळच्या चाळीचे ऐतिहासिक महत्त्व तिच्या दर्शनी भागावरून कोणालाही कळणार नाही.

मराठी साहित्याने चाळीची नोंद आस्थेने घेतली. पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि चाळ ही मराठी मध्यमवर्गाच्या स्मृतीचा भाग बनली. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या मौखिक इतिहासाचा ग्रंथ २००४ मध्ये सिद्ध केला. पुढे आडारकर यांनीच संपादित केलेल्या मुंबईतील चाळींवरील ग्रंथात वास्तुरचना व जीवनपद्धती यांचा एकत्रित विचार झाला. हे प्रयत्न मौलिक असले, तरी चाळींची संख्या पाहता ते अपुरे आहेत. शिवाय साहित्यातील चाळ बहुधा गिरगाव-दादरच्या पांढरपेशा मराठी माणसाची आहे. गिरणगावातील एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांची खोली तीत क्वचितच डोकावते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचा आर्थिक पाया ढासळला. गिरण्यांच्या जमिनींवर उत्तुंग इमारती आल्या आणि धुराडी एकामागून एक दिसेनाशी झाली. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाचा शुभारंभ २०१७ मध्ये झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथील पहिल्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या रहिवाशांना देण्यात आल्या.

येथे एक गैरसमज टाळणे आवश्यक आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबास स्वतंत्र शौचालय असलेले मोठे घर मिळणे ही न्याय्य गोष्ट आहे. चाळीची नोंद घेणे म्हणजे चाळ टिकविण्याचा आग्रह धरणे नव्हे. सामायिक नळावरील भांडणे, खासगीपणाचा अभाव, स्त्रियांची होणारी कुचंबणा हे सर्व त्या वास्तूच्या इतिहासाचेच भाग आहेत. नोंदीत तेही आले पाहिजे. परंतु इमारत गेल्यानंतर तिच्याविषयी काय शिल्लक राहते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. प्लेगच्या काळात पाडलेल्या घरांविषयी ज्याप्रमाणे पाडणाऱ्यांचीच साक्ष मुख्यत्वे उपलब्ध आहे, त्याप्रमाणे या चाळींविषयी केवळ प्रकल्प अहवाल, मोजणीचे नकाशे व 'मोडकळीस आलेली इमारत' असा शेरा एवढेच शिल्लक राहिले, तर भावी इतिहासकाराला राहणाऱ्यांची बाजू कोठेही मिळणार नाही.

८. महाविद्यालयीन स्तरावरील नोंद : काही सूचना

आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातातील मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. छायाचित्रांची संख्या अमर्याद झाली आहे. परंतु त्यामुळे नोंद झाली असे होत नाही. स्थळ, दिनांक व संदर्भ नसलेले छायाचित्र काही वर्षांतच साधन म्हणून निरुपयोगी होते. यादृष्टीने पुढील बाबी विचारात घेता येतील.

पहिली बाब म्हणजे क्रम. प्रथम संपूर्ण रस्ता, नंतर इमारत, नंतर तिचे भाग आणि शेवटी बारकावे या क्रमाने चित्रे घ्यावीत. केवळ नक्षीदार कंस किंवा जुना दरवाजा यांचे सुंदर चित्र घेतल्यास तो भाग कोणत्या इमारतीचा, हे पुढे कळत नाही. दुसरी बाब म्हणजे वेळ. दर्शनी बाजूवर तिरपा प्रकाश पडतो तेव्हा कोरीवकाम व गिलाव्याचे थर स्पष्ट दिसतात. तर गॅलरीचा वापर सकाळी पाण्याच्या वेळी व सायंकाळी वेगवेगळा असतो. तिसरी बाब म्हणजे बदलांची नोंद. गॅलरीला लावलेली जाळी, खोलीत घातलेला पोटमाळा, दोन खोल्यांमधील फोडलेली भिंत, लाकडी खांबाला दिलेला लोखंडी आधार या गोष्टी मूळ वास्तूला आलेले दोष म्हणून चित्रातून वगळल्या जातात. वस्तुतः त्या रहिवाशांनी वास्तूवर लिहिलेला इतिहास आहेत. झिजलेल्या पायऱ्या व जिन्याचा गुळगुळीत झालेला कठडा यांनाही हेच लागू पडते.

चौथी बाब सर्वांत महत्त्वाची. घराच्या आतील व माणसांची छायाचित्रे रहिवाशांच्या संमतीनेच घ्यावीत आणि त्यांची एक प्रत त्यांना द्यावी. प्लेगच्या काळात घरात शिरलेल्या कॅमेऱ्याने कोणाची परवानगी घेतली नव्हती. छायाचित्राबरोबर रहिवाशांची माहितीही लिहून घ्यावी, कारण एखादी खोली प्रथम किती जणांची होती, अंगणात काय काय होत असे, हे चित्र सांगू शकत नाही. पाचवी बाब जतनाची. ही सामग्री विद्यार्थ्यांच्या मोबाईलमध्ये न राहता महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वर्षवार व स्थळवार नोंदली जावी. दरवर्षी त्याच ठिकाणाहून त्याच रस्त्याचे चित्र घेतल्यास दहा वर्षांत कोणत्याही खर्चाविना परिसराच्या परिवर्तनाचे विश्वसनीय साधन तयार होऊ शकते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मुंबईतील वास्तूंचे छायाचित्रण कधीही हेतुनिरपेक्ष नव्हते. स्मारकाची नोंद, लोकसमूहांची पार्श्वभूमी, साम्राज्याचे वैभव, रोगाचा पुरावा आणि शैलीचा अभिमान असे त्याचे हेतू बदलत गेले.

२) सामान्य निवासी वास्तू प्रामुख्याने संकट किंवा पाडकाम यांच्या प्रसंगीच नोंदली गेली. त्यामुळे तिच्याविषयीची उपलब्ध दृश्य साधने एकांगी असून त्यांचा वापर करताना साधनचिकित्सा अनिवार्य ठरते.

३) एकाच काळातील व एकाच साहित्यातील इमारतींपैकी काही जागतिक वारसा ठरल्या, तर काही नोंदीविना नाहीशा होत आहेत. या फरकाचे कारण वास्तूंच्या गुणवत्तेइतकेच त्यांच्याकडे पाहणाऱ्यांच्या दृष्टीतही शोधावे लागते.

४) दर्शनी बाजूवर आधारलेले निकष वापरातून घडलेल्या वास्तूंना अपुरे पडतात. अशा वास्तूंच्या नोंदीसाठी छायाचित्र व मौखिक साक्ष यांची जोड आवश्यक आहे.

५) हे काम स्थानिक महाविद्यालयांनी करणे सर्वाधिक सयुक्तिक आहे. महाविद्यालयातील अनेक विद्यार्थी अशाच घरांतून येतात. दर्शनी बाजूच्या मागे काय आहे, हे त्यांना शिकवावे लागत नाही. १८५५ मध्ये मुंबईतील एका शिक्षणसंस्थेने छायाचित्रणाचा वर्ग सुरू केला, तेव्हा साधने दुर्मीळ होती. आज साधने सर्वांपाशी आहेत. ज्यांची नोंद घ्यावयाची त्या वास्तू मात्र दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.